नवरा छो?

सुहास बूट काढतो न काढतो तोच वृषाली म्हणाली, "अहो, वसईला परत जाऊ या. मला इथे नाही राहायचं."

वसईचं भाडं झेपेना म्हणून चार महिन्यांपूर्वी ते गुजरातेत, उंबरगावला राहायला आले होते. नोकरी मात्र वसईलाच होती. तो अंधारात निघायचा आणि अंधारातच परतायचा.

"दिवसभर बोलायला कुणी नाही. शेजारच्या जसुबेन तेवढ्या दुपारी दार वाजवतात. विचारतात, 'नवरा छो?' मी मान हलवून नाही म्हणते, की गेल्या आल्या पावली. माझ्या नवऱ्याशी त्यांना काय करायचंय?"

सुहास भिंतीला टेकून खालीच बसला. कारखान्यातला गुजराती फोरमन हेच दोन शब्द विचारून त्याच्या गळ्यात जास्तीचं काम मारायचा.

"अगं, गुजरातीत नवरा म्हणजे रिकामा. मोकळ्या आहात का, असं विचारतात त्या. गप्पा मारायला येत असतील बिचाऱ्या. आणि तू रोज दारातून परत पाठवतेस!"

वृषालीने कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी तो पाय ओढत परतला, तेव्हा दारात परक्या चपला होत्या. आत दोघी पापडी निवडत बसल्या होत्या. एकीचं मराठी, दुसरीचं गुजराती, आणि हसणं दोघींचं. वसईचं नाव कुणी काढलं नाही.

वृषालीने त्याच्याकडे मिस्कीलपणे पाहिलं. "काय हो, नवरा छो?"

बुटांच्या नाड्या सोडता सोडता तो म्हणाला, "रविवारी असतो."