काटा उतरेना

वैशाखातली दुपार. भिंगारच्या वीजघरात भार दाखवणारा काटा लाल रेघेला टेकला, तसा सुमंतने बाजाराची वीज तोडणारा खटका ओढला. काटा हलला नाही. बंगल्यांचा ओढला, तरी नाही.

उरला दवाखान्याचा. तिथं पंख्याखाली त्याची बायको दमयंती तापाने फणफणली होती. पण इंजिन जळालं, तर दवाखान्यात महिनाभर पंखा फिरणार नव्हता. मग त्याने डोळे मिटून तोही ओढला.

काटा आणखी चढला.

"गोरक्ष, इंजिन बंद कर!"

इंजिनवाला गोरक्ष घाम पुसत दारात आला. "लई तापलं म्हणून मगाशीच बंद केलंय, साहेब."

दोघांच्या पायांखालची फरशी इंजिनाच्या ठोक्यांनी हादरत होती. ठोके वाढत होते.