संपाचं शूटिंग

कामगारांच्या संपावर सिनेमा काढणारा दिग्दर्शक सेटवर सगळ्यांना ‘कॉम्रेड’ म्हणायचा. त्याची खुर्ची मात्र कुणी चुकून सरकवली तरी त्याचा पारा चढायचा. सकाळी उंच मचाणावरून एक लाइटमन खाली कोसळला. कमरेला पट्टा नव्हता. पट्टे आणा, पट्टे आणा म्हणून कॅमेरामन कधीचा कानीकपाळी ओरडत होता. आणि पडला तो त्याचाच मेहुणा.

मेहुण्याला हॉस्पिटलात पोहोचवून कॅमेरामन परतला, तेव्हा बाकीचे लाइटमन स्टुडिओच्या फाटकाबाहेर ठिय्या मांडून बसले होते. हातात सिनेमातलेच फलक: ‘आमचा जीव स्वस्त नाही!’

“पट्टे आल्याशिवाय एकही दिवा लागणार नाही, साहेब.”

“अरे, हे वाक्य मी लिहिलंय! माझंच माझ्यावर उगारता?” दिग्दर्शक खेकसला आणि फोन घेऊन बाजूला गेला.

चला, पट्टे मागवतोय एकदाचे, कॅमेरामनला वाटलं.



“पोलीस निघालेत,” दिग्दर्शक त्याच्या कानाशी लागला. “कॅमेरा बाहेर घे. ऊन झकास आहे, दिव्यांची गरजच नाही. लाठीमाराचा सीन आजच उरकून टाकू.”