कड्याची ओ

वडील गेले, तरी आल्प्समधलं त्यांचं उंच कुरण रेगुलाने सोडलं नाही. रोज सांजेला लाकडी कर्ण्यातून राखणीची प्रार्थना पुकारायची. आवाज पोचेल तिथवर गुरं सुखरूप, अशी तिथली रीत.

"बाईमाणसाचा आवाज त्या कड्यापर्यंत कुठला पोचतोय, पोरी? गुरं माझ्याकडे दे," मागे बसलेला शेजारचा बाल्त्स म्हणाला.

"ऐका तर खरं, काका. कडा रोज ओ देतो मला."

तिने कर्णा ओठांशी नेला, छातीभर श्वास घेतला.

कड्यावरून पडसाद आला. संथ, स्वच्छ, तिच्याच आवाजात.

"पोचला की गं," म्हणत बाल्त्सने टोपी काढली.

रेगुलाने अजून तोंड उघडलं नव्हतं.

गुरं मात्र उठली आणि तिच्याकडे पाठ करून, एकामागे एक, कड्याकडे चढू लागली.