खुर्चीतली पाठ

इंदुताई गेल्यावर वर्षभर कुणी बसलं नाही, म्हणून त्यांची खुर्ची वाळायला लागली होती. सरूबाई पांचाळांनी लाकडात नख दाबून पाहिलं. जीव होता, पण जेमतेम.

पांचाळांचं लाकूड माणसाच्या उबेवर जगायचं आणि बसणाऱ्याच्या अंगाचा आकार घ्यायचं. एका घरी नको झालं की दुसऱ्या घरी जायचं. झाड न तोडता घरं सजवायचा त्यांचा धंदा तीन पिढ्या त्यावरच भरभराटला होता.

"मी बसलो तर तिची पाठ पुसली जाईल," इंदुताईंचे यजमान मुकुंदराव म्हणाले. ते वर्षभर समोरच्या स्टुलावर बसत आले होते.

"आणि नाही बसलात तर हीपण मरेल. दोनदा तेरावं घालणार का?"

"मग घेऊन जा."

"नेईन की. मग कुणी परका बसून त्यांना पुसून टाकील. त्यापेक्षा तुम्हीच पुसा."

मुकुंदराव बसले. इंदुताई ठेंगण्या होत्या. त्यांच्या पाठीने पाडलेल्या खळग्याची वरची कड मुकुंदरावांच्या खांद्याखाली आली.

"टोचतंय."

"टोचणारच. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईची पाठ ती, लगेच सरकते होय?"

दुपार कलेपर्यंत सरूबाई तिथेच थांबल्या. मग मुकुंदरावांनी खांदा जरा हलवून पाहिला, आणि त्यांना रडू फुटलं. आता टोचत नव्हतं.