पान्याचे दोन ठोके

चाकणच्या आमच्या कारखान्यात ज्योतीरामकाकांनी बावीस वर्षं प्रेस मशीन चालवलं. ओव्हरटाइम करून लेकीला इंजिनिअर केलं, डब्यातली अर्धी भाकरी रोज आम्हाला दिली. मशीन सुरू करण्याआधी ते पान्याने दोनदा ठोकायचे. टक टक. म्हणजे, बाबांनो, हात बाहेर काढा. आमची बोटं शाबूत आहेत ती त्यांच्यामुळेच.

प्रॉडक्शन वाढावं म्हणून मॅनेजर शेखरसाहेबांनी, हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद करायला लावला. अडकलेला पत्रा काढायला काका आत वाकले आणि प्रेस खाली आली. चौकशीत साहेबांनी बिनदिक्कत लिहून दिलं, कामगाराचा निष्काळजीपणा.

तेव्हापासून बंद मशीनमधून अधूनमधून दोन ठोके ऐकू येतात.

आज खंडेनवमी. पूजेला काकांच्या पत्नी, दुर्गावहिनी, रहाटणीहून आल्या होत्या. मेन स्विच बंद होता. मशीनला झेंडूचा हार, वर काकांचा फोटो.

"देवमाणूस होता," साहेब म्हणाले आणि कुंकू लावायला त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला.

टक टक.

आम्ही चौदाही कामगार एक पाऊल मागे सरलो.

"पाइप वाजतोय वाटतं," साहेब हसले. "वहिनी, ताट जरा पुढे धरा."

त्या ठोक्यांचं काकांनी घरीही सांगितलेलं होतं. वहिनींनी एकदा फोटोकडे पाहिलं आणि ताट पुढे धरलं.

साहेबांनी उभ्या जन्मात प्रेस चालवली नव्हती. त्या ठोक्यांचा अर्थ त्यांना कुणी सांगितला नव्हता.

आजही कुणी सांगितला नाही.