खोलीचा आवाज

या, जरा पुढं सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही या. गोष्ट लहान आहे आणि मोठ्यानं सांगण्यासारखी नाही. ऐकून झाली की देव त्या खोलीत नेमका कुठं होता, ते तुमचं तुम्ही ठरवा.

इस्त्रीवालीच्या खोलीत शूटिंग चाललं होतं. कपड्यांचे गठ्ठे पलंगावर हलवले होते आणि मधोमध खुर्चीत ती बसली होती, केस चापूनचोपून बसवून. तिचा मुलगा औषधांच्या दुकानात काउंटरवर असायचा. गल्ला लुटायला आलेल्या एका पोरानं त्याला सुऱ्यानं मारलं. त्या पोराला फाशीची शिक्षा लागली होती, दयेच्या अर्जाचा निकाल तेवढा यायचा होता. माहितीपट त्यावरच होता: झालेल्या खुनावर, आणि खुन्याला मारावं की नाही यावर. आरोपीचा वकील सांगून गेला होता, मेलेल्याच्या आईनं कॅमेऱ्यासमोर माफ केलं तर अर्जाला जोर येईल.

म्हणून तर सून दार अडवून उभी होती.

"आधीच सांगून ठेवते," ती दिग्दर्शिकेला म्हणाली, "आमच्या आईंना डाग काढायची सवय आहे. कुणाचाही असो. माझ्या नवऱ्याला मारणाऱ्याचा काढला, तर मी या घरात राहायची नाही."

"अगं, कॅमेरा सुरू आहे," इस्त्रीवाली खुर्चीतून म्हणाली.

"असू दे. मीपण दिसू दे की."

कॅमेरावाला खाली बघून हसला आणि लगेच गंभीर झाला.

दिग्दर्शिका भली बाई होती. तिनं आवाज खाली आणला. "मावशी, त्या मुलाला फाशी व्हावी असं वाटतं तुम्हाला?"

"सकाळी उठल्या उठल्या वाटतं," इस्त्रीवाली म्हणाली. "मग कामाला लागते. दहाबारा शर्ट हातावेगळे झाले की वाटेनासं होतं."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी ही कामावरून येते. हिचं तोंड बघते. पुन्हा वाटतं."

"पण शेवटी हो की नाही?"

इस्त्रीवालीनं सुनेकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे. दिग्दर्शिकेनं बराच वेळ वाट पाहिली आणि "कट" म्हणाली. सुनेनं सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू गेला.

शूटिंगवाल्यांची एक रीत असते. आवरायच्या आधी माणसं आहेत तशी थांबवून खोलीचा नुसता आवाज भरून घेतात. पुढं वाक्यं कापून जोडताना ज्या भेगा पडतात, त्या त्यानं लिंपायच्या असतात.

"सगळ्यांनी एक मिनिट शांत राहा," कानांवर हेडफोन चढवलेला आवाजवाला म्हणाला. "कुणी हलू नका."

इस्त्रीवाली झटकन उठली. हात जोडून, मान खाली घालून उभी राहिली. दुकानवाल्यांच्या शोकसभेत तिच्या मुलासाठी सगळे असेच उभे राहिले होते. तिला वाटलं, केवढी ही माणुसकी, कामाच्या गडबडीतही लेकराला विसरले नाहीत. सूनही सरळ उभी राहिली.

आवाजवाल्यानं सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तोही उठला. मग कॅमेरावाला उठला, दिग्दर्शिका उठली. गार होत चाललेली इस्त्री टिकटिक करत होती. जिन्यात कुणीतरी बादली आपटली, आणि पुन्हा शांत झालं.

"झालं, मावशी," आवाजवाला हळूच म्हणाला आणि वायर गुंडाळायला वाकला.

इस्त्रीवाली उभीच होती. "आता त्याचं."

"कुणाचं?"

"त्या पोराचं. त्याच्यासाठीपण एक घ्या."

"अहो, पण तो जिवंत आहे अजून."

"म्हणून तर म्हणते. माझ्याला गेल्यावर मिळालं. त्याला असताना द्या."

दिग्दर्शिका लगबगीनं पुढं आली. "म्हणजे मावशी, तुम्ही त्याला माफ केलं?"

"माफ कुठं म्हणाले मी, बाई? ते बळ देवानं अजून दिलेलं नाही. उभं राहायचं तेवढं दिलंय."

सगळ्यांचे डोळे सुनेकडे वळले. ती पांढरीफटक पडली होती. दाराबाहेर चपला होत्या, तिकडे तिची नजर गेली. मग ती वळली आणि पलंगावर धपकन बसली, इस्त्री केलेल्या शर्टांवरच. खालची घडी न् घडी चुरगळली.

"घ्या," सून म्हणाली. "मी उठायची नाही. मेले तरी उठायची नाही. पण मधे बोलणारही नाही. घ्या तुमचं."

आवाजवाल्याला हवं ते मिळालं होतं. हेडफोन चढवून नुसता उभा राहिला असता तरी कुणाला कळलं नसतं. त्यानं मशीनचं बटण दाबलं, लाल दिवा लागल्याची खात्री केली आणि मग मान खाली घातली.

अर्ध्यात सुनेला उमाळा आला. तिनं दोन्ही हात तोंडावर गच्च दाबून धरले. खांदे गदगदा हलत होते, डोळ्यांतून धार लागली होती. पण त्या मिनिटात तिचा हुंदका नाही. आवाजवाल्यानं ते नंतर पुन्हा पुन्हा ऐकलं. कुठंच नाही.

तर बाबांनो, रात्री देवापुढं हात जोडाल तेव्हा उभी राहिलेली ती आई तुम्हाला आपोआप आठवेल, ते सांगावं लागत नाही. माझं मागणं एवढंच आहे, बसून राहिलेल्या त्या सुनेलाही आठवा.