खोक्याचा स्कॅन

स्कॅनच्या टेबलावर माणूस नव्हता. खोकं होतं. पेशंटच्या छातीवरून घेतात तो पट्टा खोक्यावरून घेतला होता, आणि हलू नये म्हणून खाली डोक्याची उशी लावली होती.

काचेपलीकडे सेंटरच्या मालकांचे जावईबापू टेक्निशियनच्या खुर्चीत बसले होते. टेक्निशियन उभा होता.

"पुढं घे. अजून. थांब!" जावईबापूंनी स्क्रीनवर बोट टेकवलं. खोक्यातली सीलबंद पाकिटं सुरीनं चिरल्यासारखी दिसत होती. पाकिटात पोरं जमवतात तसली चित्रांची कार्डं, एकेका कार्डाची करडी बारीक रेघ. एकाच पाकिटातली एक रेघ पांढरीफटक. "ही बघ आपली सोनेरी, लाखात एखादीच निघते. डावी रांग, वरून चौथं. पाकीट फोडून नशीब बघायचं ते गिऱ्हाइकांनी. आपण आधी बघायचं, मग फोडायचं."

"आणि बाकीची पाकिटं?"

"दुकानात. पोरं रांग लावतात. तेवढीच त्यांची करमणूक."

दारावर मूठ आपटली. मघाशी नुसती टकटक होती.

"साहेब, डोक्याला मार लागलेला पेशंट आहे. केव्हाचा बाहेर पडलाय," टेक्निशियन म्हणाला.

"मशीन तापतंय म्हणून सांग."

"सांगितलं. दोनदा."

"मग तिसऱ्यांदा सांगायला जीभ झिजते? पगार कोण देतं तुला, पेशंट?"

खरं उत्तर 'हो' असंच होतं. टेक्निशियनने ते गिळलं.

बाहेर स्ट्रेचरवर म्हातारा उताणा होता, स्ट्रेचर ढकलणाऱ्या मावशी उशाशी उभ्या होत्या. मोरीत घसरून पडला होता, कानामागे फडकं बांधलेलं. "नळ बंद केलास का गं?" त्याने लेकीला विचारलं. पडल्यापासून हेच एक विचारत होता. आधी चटचट विचारायचा, मग सावकाश, आता अर्धे शब्द तोंडातच राहत होते. आत रक्त साचत असेल तर थांबायला वेळ नाही, लगेच स्कॅन करा, असं डॉक्टर म्हणाले होते. लगेच म्हणजे काय, ते या दारावर कुणी लिहिलेलं नव्हतं.

"केला, बाबा," लेक म्हणाली आणि तिने पुन्हा मूठ आपटली.

आत जावईबापूंनी हातमोजे चढवले. टेबलापाशी जाऊन चौथं पाकीट काढलं, फाडलं आणि सोनेरी कार्ड कडेनं दोन बोटांत धरलं. बायकोचा हातसुद्धा त्यांनी इतक्या जपून कधी धरला नसेल.

"कोपऱ्याला नख लागलं तरी माती होते याची," ते म्हणाले. "एवढ्याशा पुठ्ठ्यात तुझं घर उभं राहील, लेका. हे खोकं उचल, दुसरं लाव."

टेक्निशियनने दुसरं खोकं टेबलावर ठेवलं. उशी सारखी केली. पट्टा हातात घेतला.

बाहेरची मूठ थांबली.

ती थांबावी असं त्याला मघापासून वाटत होतं. थांबली तसं त्याने पट्टा टाकला आणि जाऊन दार उघडलं.

लेक बापाच्या तोंडाशी कान नेऊन उभी होती. तिने मान वर केली. तिला टेबल दिसलं, खोकं दिसलं, उशी दिसली. ती आत आली.

"हा पेशंट?"

"बाई, बाहेर व्हा. इथं किरणं असतात," जावईबापू म्हणाले.

"याच्या डोक्याला काय झालंय?"

"दोन मिनिटं थांबा. एवढं एक खोकं..."

तिने खोकं दोन्ही हातांनी उचललं आणि त्यांच्या छाताडावर फेकलं. पाकिटं फरशीभर झाली. अडवायला जावईबापूंनी हात वर केला, तसं कार्ड सुटलं, भिरभिरलं आणि टेबलाच्या पायथ्याशी सोनेरी तोंड वर करून पडलं.

"मावशी, आणा आत!" लेक ओरडली.

मावशींनी वाट बघितलीच नव्हती. स्ट्रेचर दारातून आत घुसलं. चाकांखाली पाकिटं चुरचुरली.

"हळू!" जावईबापू गुडघ्यांवर आले. "अहो, हळू आणा! जपून! धक्का लागेल! अरे, सांभाळून, सांभाळून..." त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

स्ट्रेचर टेबलाला लागलं. मागचं चाक कार्डापासून बोटभर अंतरावर थांबलं. जावईबापूंनी हात घातला, पण मध्ये मावशींचे पाय होते आणि ते हलायला तयार नव्हते.

"हात काढा साहेब, तुडवला जाईल," मावशी म्हणाल्या. "मग तुमचाही फोटो काढावा लागेल."

तिघांनी मिळून म्हाताऱ्याला टेबलावर घेतलं. टेक्निशियनने छातीवरून पट्टा घेतला, तोच मघाचा. म्हाताऱ्याने डोळे किलकिले केले. या वेळी नळाचं विचारलं नाही.

"हळू आणा म्हणत होता... कोण गं तो?" शब्द अडखळत होते. "चांगला आहे... माणूस. दुसऱ्याची... काळजी आहे."

लेकीने त्याच्या डोक्याखालची उशी सारखी केली.

"सगळ्यांनी बाहेर व्हा," टेक्निशियन म्हणाला. मग जावईबापूंकडे न बघता म्हणाला, "साहेब, तुम्हीसुद्धा. इथं किरणं असतात."

"एकच मिनिट. माझं ते कार्ड..."

लेकीने रिकाम्या स्ट्रेचरला हात घातला. खाली बघितलं. चाक बोटभर पुढं घेतलं, सोनेरी तोंडाच्या नेमकं मधोमध आणलं, आणि पायाने ब्रेक दाबला.